सील चावला नव्हता

मला पाण्याची भीती वाटते. पुण्यात शाळेत असताना पोहण्याच्या क्लासला दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले, ती कायमचीच. लग्न मात्र केलं ते अलिबागकडच्या, खाडीच्या काठी वाढलेल्या माणसाशी. त्याच्या हातात शाळेच्या वयापासून गळ. जर्मनीत एर्लांगेनला होतो तोवर ते वेड दबलेलं राहिलं. ऑफिस, सायकली, मुलीचा किटा, म्हणजे पाळणाघर, यातच वर्षं गेली. मग त्याला उत्तरेकडे पवनचक्क्या बांधणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही एल्बे नदीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठच्या गावात राहायला आलो. मी हॉस्पिटलांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहिते, काम घरूनच करते, त्यामुळे मला कुठेही राहणं सारखंच. निदान तेव्हा तसं वाटलं होतं.

नदी लहान असली तरी समुद्राची भरती तिच्यात आत येते, थेट गावाच्या बंधाऱ्यापर्यंत. उन्हाळा संपता संपता त्या बंधाऱ्याखाली मेअरफोरेल जमतात. ट्राउटच्या जातीचा हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. बंधाऱ्याच्या बाजूने त्याच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची एक वाट बांधलेली आहे, पण तिचं तोंड सापडेपर्यंत मासे खाली घुटमळत राहतात. नवऱ्यानं इथे गळ टाकण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते ती दिली, आणि गावातल्या हौशी मासेमारांच्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, सभासद झाला. अलिबागला फोन करून त्यानं आईला सांगितलं की गळ टाकायला परीक्षा देणारा आपल्या घराण्यातला मी पहिला. त्यावर सासूबाई बराच वेळ हसत होत्या.

फेराइनचे अध्यक्ष सत्तरी ओलांडलेले, सुतारकामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आमची मुलगी त्यांना ओपा म्हणायची, म्हणून घरात आमच्यासाठीही ते आजोबाच झाले. फेराइनमध्ये लहानथोर सगळे एकमेकांना डू म्हणतात, म्हणजे अरे-तुरेच. मला ते कधी जमलं नाही. मी त्यांना झी म्हणत राहिले, अहो-जाहो करत राहिले, आणि ते मान हलवून हसायचे. त्यांच्या तरुणपणी या नदीत मेअरफोरेल उरलाच नव्हता. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी बाहेरून अंडी आणली, ओढ्याकाठच्या एका शेडमध्ये वाहत्या पाण्याच्या ट्रेंमध्ये ती उबवली, बोटाच्या पेराएवढी पिल्लं बादल्यांतून नेऊन ओढ्यांत सोडली. दर हिवाळ्यात. आज नदीत जो मासा आहे तो आपल्या हातातून गेलेला आहे, असं ते म्हणायचे, आणि त्यात बढाई नसायची.

आम्ही तिथे राहायला आल्याला काही वर्षं झाली असतील, तेव्हा तो सील आला. भरतीबरोबर समुद्रातून वर चढत बंधाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. सुरुवातीला सगळं गाव खूश. पुलावर गर्दी, पोरं मोबाइल घेऊन उभी. मग फेराइनच्या लोकांना पोट फाडलेले, अर्धे खाल्लेले मासे काठाला सापडायला लागले. अंड्यांनी भरलेल्या माद्या. बेकरीतल्या रांगेतसुद्धा वाद सुरू झाले. एक बाजू म्हणायची, सील खाणार नाही तर काय करणार, नदी काय तुमच्या मालकीची आहे? दुसरी म्हणायची, समुद्रात खाऊ दे ना पाहिजे तेवढं. इथे बंधाऱ्यापाशी माशाला पळायला जागाच नाही.

मला यातलं काहीच वाटत नव्हतं. मला त्याची फक्त भीती वाटायची. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पुलावरून. तपकिरी पाण्यातून ओल्या रबरासारखं एक डोकं वर आलं. डोळे मोठे, काळे, आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष आहे असं वाटणारे. मग ते बुडालं. बुडालं ते कुठे गेलं, कुठून वर येणार, हे कळायला मार्ग नाही. नवरा याच पाण्यात कमरेएवढा उतरून उभा राहतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट शिरलं. मी त्याला सांगितलं की या वर्षी जाऊ नकोस. तो म्हणाला, सील माणसाच्या वाटेला जात नाही. हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

त्या सप्टेंबरमध्ये सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. एका रविवारी दुपारी त्या आणि मुलगी घरी पत्ते खेळत बसल्या, आणि मी नवऱ्याबरोबर नदीवर गेले. गेले ते त्याच्यावर लक्ष ठेवायला. मी लक्ष ठेवून काय करणार होते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

बंधाऱ्याच्या जवळ मासेमारीला बंदी आहे. बंदीची हद्द संपते तिथून जरा खाली, तो छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उतरला. मी काठावरच्या आडव्या झाडावर थर्मास घेऊन बसले. आजोबा खालच्या अंगाला, वळणापलीकडे होते. ऊन चांगलं होतं. बऱ्याच वेळानं गळाची काठी वाकली. नवऱ्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, इतका आनंद त्याच्या तोंडावर होता. मासा एकदा हवेत उडाला, चांदीसारखा लखलखला, आणि पाण्यात पडला तिथे पाणी उसळलं. माशानं एवढं पाणी उसळत नाही. मला सीलची पाठ दिसली. तो नवऱ्यापासून लांब होता, मध्ये एक बस मावली असती एवढा लांब. मासा त्याच्या तोंडात होता आणि मासा अजून गळाला होता.

रिळावरची दोरी सरसर सुटायला लागली. नवऱ्यानं काठी सोडली नाही. उलट दोरी हातात धरली, तळव्याला एक वेढा दिला, आणि ओढ लागली तसा एक पाऊल पुढे गेला. मग आणखी एक. पुढे प्रवाहानं खणलेला खड्डा होता. तो एकदम नाहीसा झाला. वर त्याची टोपी तरंगत राहिली.

मी ओरडले ते मराठीतच. काय ओरडले आठवत नाही. तो एकदा वर आला, तोंड उघडं, आणि परत खाली गेला; विजारीत पाणी भरलं होतं. मी पाण्यापर्यंत धावले. पाणी माझ्या घोट्यांना लागलं आणि माझे पाय थांबले. पुढे जायचं आहे हे मला कळत होतं, पाय जात नव्हते.

आजोबा कसे आले ते मी पाहिलं नाही. त्यांनी काठाच्या टोकाला स्वतःला पोटावर झोकून दिलं आणि मासा उचलायच्या जाळीचा लांब दांडा पाण्यात पुढे केला. त्यांचे खांदे पाण्यात गेले, मग मान. मला म्हणाले, "माझ्या पायांवर आडवी पड. सगळं वजन टाक." मी पडले. त्यांच्या गमबुटांना मी दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि तोंड चिखलात होतं, त्यामुळे पुढचं काही मला दिसलं नाही, फक्त त्यांचं शरीर माझ्याखाली ताणलं जात होतं ते कळलं. मग त्यांनी "आल्झो" म्हटलं, अगदी काम संपल्यावर माणूस म्हणतो तसं, आणि मी मान वर केली तर नवरा काठावर उपडा पडून पाणी ओकत होता. त्याच्या उजव्या हातातून रक्त वाहत होतं.

त्या रक्तानं सगळा घोटाळा केला.

अँब्युलन्सच्या माणसानं हात पाहून विचारलं की सील चावला का. नवरा कुडकुडत होता, त्याला बोलता येत नव्हतं. मी म्हणाले दोरीनं कापलंय. पण माझं जर्मन घाबरल्यावर पळून जातं, आणि तोवर काठावर चार माणसं जमली होती. संध्याकाळपर्यंत गावात झालं की बंधाऱ्याच्या सीलनं माणसावर हल्ला केला. दोन दिवसांनी इथल्या छोट्या वर्तमानपत्रात बातमी आली, त्यात "गावातील एक भारतीय इंजिनिअर" असं होतं. मुलीला शाळेत सगळ्यांनी विचारलं. ती घरी येऊन बाबाचा हात बघायची आणि खोलीत जायची.

सर्वांत वाईट हे की नवऱ्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. पाण्याखाली काहीतरी पायाला लागलं होतं, असं तो म्हणायचा. दगड असेल, किंवा नसेलही. हातातली कळ मात्र आठवत होती. तो मला विचारायचा, नक्की लांब होता का? मी सांगायचे, नक्की. पण रोज विचारल्यावर माझंही नक्की थोडं थोडं झिजायला लागलं. डोळे मिटले की तो सील कधी लांब दिसायचा, कधी अगदी नवऱ्याच्या खांद्याशी. आंघोळीला गेलं आणि शॉवरचं पाणी तोंडावर आलं की श्वास अडकायचा.

पुढच्या आठवड्यात आजोबा घरी आले. बरोबर धुरावलेला ट्राउट, कागदात गुंडाळून. सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं; ते आत आल्या आल्या त्या पदर खोचून त्यांच्या पाया पडायला वाकल्या. आजोबा घाबरून मागे सरकले आणि कोटाच्या खुंटाळ्यावर आपटले. मग चहा झाला, रव्याचे लाडू झाले. ट्राउट बघून सासूबाईंनी मला विचारायला लावलं की याचं डोकं कुठे गेलं. आजोबा म्हणाले, डोकी आम्ही टाकून देतो. सासूबाईंना ते फार लागलं. कालवणाला डोक्यासारखं काही नाही, टाकता कसली, हे मला शब्दाशब्दानं सांगावं लागलं आणि आजोबा खूप हसले.

हसणं संपल्यावर त्यांनी कामाचं काढलं. फेराइनची सभा होती. निसर्गरक्षण खात्याच्या अधिकारी बाई येणार होत्या. फेराइनला त्या सीलच्या एन्टनामेची परवानगी हवी होती. हा शब्द मला रोज कामात लागतो; लॅबमध्ये रक्ताचा नमुना काढणं, तेही एन्टनामेच. इथे त्याचा अर्थ बंदूक असा होता. एरवी अशी परवानगी मिळणं जवळपास अशक्य. पण माणसाला धोका आहे असं दिसलं, तर गोष्ट वेगळी.

"खोटं बोल असं मी म्हणत नाही," आजोबा म्हणाले. "सील तिथे होता. तुझा नवरा बुडत होता. हाताला रक्त होतं. या तीन गोष्टी सांगायच्या. मधलं काही सांगायचं नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते, कपाकडे बघत होते. मी म्हणाले की विचार करते. त्यांनी मान डोलावली आणि जाताना माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं काय म्हणत होते. मी सांगितलं. त्या भांडी आवरत होत्या, थांबल्या.

"त्या माणसानं पाण्यात शिरून माझा मुलगा मला काढून दिला. त्यांनी एक गोष्ट मागितली आहे. एका जनावरासाठी त्यांना नाही म्हणणार तू?"

"अहो आई, पण तसं झालंच नव्हतं."

"तू घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसाला धड दिसतं तरी का?"

खरं सांगायचं तर मला तो सील तिथे नकोच होता. तो गेला तर मी पहिल्यांदा नीट झोपले असते. गप्प बसण्यात माझा सगळाच फायदा होता. आजोबा आपले राहिले असते, गाव आपलं राहिलं असतं. आमच्या नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. गावाशी वाकडं घेतलं तर त्याचं काय होईल, अशीही धास्ती मला होती. नवरा म्हणायचा की त्या कचेरीत माशांबद्दल विचारत नाहीत. पण त्यालाही काय करावं ते कळत नव्हतं. सभेच्या दिवशी गाडीत बसताना आम्ही दोघांनी काहीच ठरवलेलं नव्हतं.

फेराइनचा हॉल भरून गेला होता. शिकारी, गळवाले, सीलच्या बाजूचे लोक, त्यांची मुलं. अधिकारी बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि दोन्ही बाजूंकडून ऐकून घेत होत्या. आजोबांनी शेडमधल्या ट्रेंबद्दल सांगितलं, बादल्यांबद्दल सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज एकदा दाटला. मलाही वाटलं, या माणसाला पाहिजे ते मिळावं.

मग बाईंनी नवऱ्याला विचारलं. तो उठला. पट्टी निघाली होती, तळव्यावर लालसर रेघ होती, ती त्यानं एकदा पाहिली. म्हणाला, "मला आठवत नाही. माझी बायको काठावर होती."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मी बसूनच बोलले, कारण उभं राहता आलं नसतं. मी म्हणाले की सील चावला नाही. तो लांब होता. त्यानं मासा धरला, दोरीनं हात कापला, आणि पाय घसरला तो खड्ड्यात. बाईंनी विचारलं, तो नंतर कधी जवळ आला का? मी म्हणाले, "मला त्याची खूप भीती वाटते. पण जवळ आला नाही."

कुणीतरी हसलं. मागून एक माणूस म्हणाला की या बाईंना पोहताही येत नाही, ह्या काय बघणार. दुसरा म्हणाला, काल आलेले लोक आता आम्हाला नदी शिकवणार. नवरा ताठ झाला, मी त्याचा हात धरला. तेवढ्यात आजोबा उठले. सगळ्यांना वाटलं ते मला खोडून काढतील. ते म्हणाले की ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, आता पुढचा मुद्दा घ्या. एवढंच म्हणून खाली बसले.

बाहेर पडताना दारात त्यांची माझी गाठ पडली. मी काही बोलणार तर तेच म्हणाले, "तुम्ही सांभाळून जा, रस्ता ओला आहे." झी म्हणाले. इतकी वर्षं मला डू म्हणणारा माणूस. आपल्याकडे अहो म्हटल्यानं मान मिळतो; मला त्या दारात वाटलं की कुणीतरी माझा हात सोडून दिलाय.

खात्यानं सीलला मारायची परवानगी दिली नाही. माशांच्या वाटेच्या तोंडाशी सीलला आत शिरता येणार नाही असे गज बसवायला सांगितलं, आणि बंधाऱ्याखालचा तो पट्टा शरद ऋतूत सगळ्या गळवाल्यांना बंद केला, माशांना उसंत मिळावी म्हणून. म्हणजे सभासदांची सगळ्यात लाडकी जागा गेली. ती माझ्यामुळे गेली असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. बेकरीत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी बोलता बोलता बोलणं थांबवलं, बस एवढंच. पण मी आता प्रत्येक थांबलेलं बोलणं मोजायला लागले. घराबाहेर गाडी थांबली की पडदा सरकवून बघायचे. मुलीला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की चप्पल घालून रस्त्यावर.

एक दिवस सकाळी मीटिंगमध्ये होते आणि नदीकडून बंदुकीचे आवाज आले. एक, मग लागोपाठ दोन. मी हेडफोन टाकला आणि तशीच, कोट न घालता, पुलापर्यंत पळत गेले. पलीकडच्या गवताळ मळ्यांत हंसांची शिकार चालली होती, दरवर्षी चालते तशी. नदीत काहीच नव्हतं. ना डोकं, ना पाठ. मी कठड्याला धरून उभी राहिले. ज्याच्या भीतीनं मला झोप नव्हती, त्याला कुणी मारलं तर नाही ना, म्हणून मी पाणी न्याहाळत होते.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या फाटकाच्या आतल्या बाजूला, सायकलच्या हँडलला, प्लास्टिकची पिशवी लटकवलेली सापडली. ती सासूबाईंना दिसली. आत माशांची डोकी होती. चार-पाच, मोठी, डोळे उघडे, ताजी. मला वाटलं, आलं. ज्याची वाट बघत होते ते आलं. सासूबाई मात्र खूश. त्यांनी कल्ले उघडून बघितले, लालभडक होते. आज कालवण करते, नारळ आहे का घरात, असं विचारायला लागल्या. मी पिशवी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली आणि कचऱ्यात टाकली. त्यांना सांगितलं की हे आपल्याला घाबरवायला ठेवलंय. त्या बघतच राहिल्या. "घाबरवायला एवढे चांगले मासे कोण देईल?" म्हणाल्या. त्या दिवशी माझ्याशी फार बोलल्या नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या परत गेल्या, आणि मी मनातून सुटले, निदान म्हातारं माणूस तरी या सगळ्यातून बाहेर पडलं म्हणून.

नवऱ्यानं फेराइन सोडलं नाही. डिसेंबरमध्ये शेडमध्ये काम असतं. माद्यांची अंडी हलक्या हातानं पिळून घ्यायची, नराचं दूध, म्हणजे त्याचं वीर्य, मिसळायचं, ट्रेंत मांडायचं. तो गेला. घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला की आजोबांनी विचारलंय, आईला डोकी आवडली का.

मी विचारलं कसली डोकी, आणि विचारता विचारताच मला कळलं. मी जिन्यावर खाली बसले.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मी म्हटलं होतं तुला. मग बराच वेळ त्या चांगल्या माशांसाठी हळहळत राहिल्या.

पुढच्या वेळी मी शेडमध्ये गेले. आजोबांना सांगितलं की डोकी फार आवडली. हे खोटं होतं, आणि ते मी सहज बोलले. त्यांनी मला ट्रे दाखवले. केशरी अंडी, साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यांसारखी, वरून पाणी अखंड वाहत होतं. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते चिमट्यानं उचलून टाकावं लागतं, नाहीतर शेजारची कुजतात. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. अजून झीच म्हणत होते. मी चिमटा अंड्यांच्या वर धरून थांबले, एखादं जिवंत अंडं चिरडेल म्हणून. ते म्हणाले, घाबरू नका, आणि जरा थांबून म्हणाले, "मीही घाबरतो. पाणी तासभर बंद पडलं की सगळं संपतं. हिवाळाभर मी याच विचारानं जागा होतो. मग ती मोठी होऊन परत येतात, आणि दारातच कुणीतरी खातं."

आम्ही दोघं वाकून पांढरी अंडी वेचत राहिलो.

या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा सील दिसला. तोच की दुसरा, कुणाला सांगता येत नाही. वाद तेच आहेत, माणसंही तीच. नवरा आता खालच्या वळणावर जातो. पाण्यात पडताच फुगणारं जॅकेट घालतो, कमरेला पट्टा आवळतो. मी बरोबर जाते. परवा तो मांडीएवढ्या पाण्यात होता आणि ते डोकं वर आलं. त्या दिवशी होतं त्याहून कितीतरी जवळ. मिशांवरचं पाणी दिसत होतं. नवऱ्यानंही पाहिलं होतं. त्यानं दोरी हळूहळू गुंडाळली, मागे न वळता एकेक पाऊल टाकत काठावर आला आणि माझ्या शेजारी बसला.

तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं की त्या दिवसापासून पाण्यात पाय ठेवला की दर वेळी त्याला वाटतं, खाली जमीन नाही. मी समजत होते की आमच्या घरात घाबरणारी मी एकटीच. मी विचारलं, मग कशाला जातोस? तो म्हणाला, एकदा नाही गेलो तर मग कधीच जाणार नाही.

डोकं बुडालं होतं. आम्ही बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो. ते पुन्हा वर आलं नाही. गेलं असेल, किंवा खाली असेल. मग तो उठला, पट्टा आवळला, आणि फक्त गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मी पण उठले, आणि पाणी बुटांना लागेपर्यंत पुढे गेले.